एक चमचा जास्त

चमच्याची डावी कड झिजलेली... बाबांनी राळ घोटून घोटून झिजवलेली. मघापासून तिचा अंगठा त्याच कडेवरून फिरतोय आणि समोर प्रतिज्ञापत्र पडलंय. 'सोबतची वही खरी व पूर्ण आहे.' खाली सहीची जागा. पाचच्या आत दाखल व्हायला हवं, असं वकीलबाईंनी सकाळपासून तीनदा फोन करून बजावलंय.

म्हणजे चोरी त्यांनी करायची आणि घरात काय काय होतं याची यादी आपण द्यायची! अठरा वर्षं ज्याने या कारखान्यात लाकडाचं पॉलिश ढवळलं, बाबांना काका म्हणत त्यांच्या डब्यातलं खाल्लं, तो फोरमन बाबांच्या पॉलिशच्या कृतीच्या वहीचे फोटो काढून दुसऱ्या कंपनीत गेला. दावा आपण लावला. आणि आता त्यांचा वकील साळसूदपणे विचारतो, नेमकं काय चोरलं ते तरी सांगा. कोर्टालाही ते पटलं. पाकीट सीलबंद असेल, वकीलबाई म्हणाल्या, त्यांचा वकील आणि त्यांचा तज्ज्ञ एवढेच बघतील. एवढेच! आणि एकदा वाचलेलं तो तज्ज्ञ डोक्यातून काढून परत करणार आहे का?

त्या कंपनीचं पॉलिश लावलेली फळी टेबलावर आहे. तिने पुन्हा बोट टेकवलं... चिकटलं. दमट हवेत चिकटणारच. एकोणिसाव्या वर्षी वही बघून तिने पहिलं पॉलिश केलं तेव्हा असंच चिकटलं होतं — पुन्हा केलं, पुन्हा चिकटलं, चार दिवस बाबा नुसते बघत होते, आणि ती रडायला लागली तेव्हा कुठे दार लोटून हळूच म्हणाले, "वहीत एक चमचा जास्त लिहिलाय. मुद्दाम. राळ दोनच चमचे घालायची." शेवटची राळ ते कडी लावून एकट्याने का घालतात, ते तिला तेव्हा कळलं.

बाबांची मुद्दामची चूक त्या कंपनीच्या पॉलिशच्या डब्यात उतरलीय, याहून चोख पुरावा कुठला? पण ही चूक आहे म्हणायचं तर बरोबर काय तेही सांगावं लागणार. आणि नुसती वही द्यावी तर शपथेवर खोटं. चोरी त्यांची, आणि कोंडीत मी? का म्हणून?

गेल्या तारखेला फोरमन कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला होता. ती तोंड फिरवून निघाली तर मागून म्हणाला, "ताई, वही काकांनीच माझ्या हातात दिली होती. म्हणाले, तू घरचाच."

निर्लज्ज मेला, ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली होती.

घरचाच... आणि वहीत तीन चमचे. सील असो नसो, हे त्याच्या कानावर जाणारच — तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला मिळावा म्हणून महिनाभर तळमळत होते मी. आता नको वाटतंय. अठरा वर्षं माणूस बंद दाराबाहेर उभा होता आणि आत आहोत असं समजत होता.

फोन वाजला. वकीलबाई. तिने उचलला नाही. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

बाबा, त्या दिवशी मी रडले नसते... तर मला तरी सांगितलं असतंत का?

फोन वाजायचा थांबला. बोट अजून चिकट होतं, आणि सकाळपासून फोरमनवर काढलेला सगळा राग आता त्या झिजलेल्या चमच्यावर येऊन थांबला होता.