लुटगार्डमावशीची मूठ

"मोटर बसवली आहे," चर्चच्या गायकवृंदाचे वाउटर सर म्हणाले. "बटण दाबलं की चाक आपोआप फिरतं. लुटगार्डबाई, यंदा तुम्ही समोर बसून निवांत ऐका."

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात लुटगार्डमावशीची एकतीस वर्षं गेली, आणि तितकेच नाताळ आमच्या चर्चमध्ये हे चाकाचं जुनं तंतुवाद्य फिरवण्यात. दीड मीटर लांबीचं ते धूड आम्हा दोघींच्या मांडीवर आडवं पडतं. ती मूठ फिरवते, लाकडी चाक तारांवर घासतं. मी खुंट्या ओढून सूर बदलते. टाळ्या खुंटीवालीला मिळतात. कार्यक्रमपत्रिकेवर नावही तिचंच, म्हणजे माझं: फेन्ना, वय सोळा. मूठवालीचं नाव कधीच नसतं. उन्हाळ्यापासून मावशीचा उजवा खांदा धरला होता, चाक मध्येच अडखळायचं. म्हणून ही मोटर.

नाताळ उद्यावर, शेवटची तालीम. सगळे ते सातशे वर्षांचं लॅटिन गाणं गाऊ लागले आणि मोटर एकसारखी घरघरत राहिली. मावशी दर ओळीच्या शेवटी मूठ जराशी सैल सोडते, तेवढ्यात गाणारे दम घेतात. मोटरला कुणाच्या छातीची काय पर्वा? दुसऱ्या कडव्यात बेकरीवाला अर्नाउत लालबुंद झाला. "सर, श्वास कधी घ्यायचा? ईस्टरला?"

मी खुंट्यांवरून हात उचलले. "मी मोटरबरोबर वाजवणार नाही."

"फेन्ना, नाटकं नकोत. मग मी ऑर्गन वाजवतो."

"वाजवा."

माझे कान तापले होते. पण मजा येत होती, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मावशी उठली. तिनं मोटर बंद केली, चाकावरचा पट्टा काढला आणि सरांच्या हातात ठेवला. "मोटर तुमच्या सायकलला लावा. पुलाच्या चढावर उपयोगी पडेल." मग तारा नीट वाजाव्यात म्हणून तिनं चाकाला राळ घासली, तारांना गुंडाळलेला कापूस चाचपला आणि माझ्या शेजारी बसली. "ओढ गं खुंट्या. बघतेस काय?"

गाणं पुन्हा सुरू झालं आणि तिसऱ्या कडव्यात तिचा खांदा आखडला. चाक थांबलं. गाणारे मात्र थांबले नाहीत. तिनं दात आवळले आणि मूठ डाव्या हातात घेतली. सूर आला तो खरखरीत, गाय हंबरावी तसा. पण आला, आणि शेवटपर्यंत टिकला.

सर अजून पट्टा धरूनच उभे होते. "आणि उद्या पुन्हा अडलं तर?"

"आत्ता अडलं तेव्हा काय केलं, पाहिलंत ना? साडेनऊला येते. आधी जरा शेगडी पेटवून ठेवा, ओलीनं चाक फुगतं."

दाराशी ती कोट चढवू लागली. उजवा हात बाहीपर्यंत पोहोचेना. मी पुढे झाले.

"हात नको लावूस."

तिनं कोट तसाच एका खांद्यावर टाकला आणि ती बसथांब्याकडे चालू लागली. रिकामी बाही वाऱ्यानं पाठीवर आपटत होती. तिनं ती सावरली नाही.