राज्याभिषेकाची रांग

लायनल टॅपरनं एकतीस वर्षं आमच्या नाटक कंपनीत निरोपे आणि प्रेतं केली. धापा टाकत यायचं, सैन्य कापलं गेल्याचं सांगायचं, आणि पुढच्या प्रवेशात त्याच सैन्यातला मेलेला म्हणून आडवं पडायचं. त्यानं कधी कुरकुर केली नाही. मग हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला तीन दिवस असताना ड्यूकचं काम करणाऱ्याचा घोटा मोडला. ड्यूकचं मोठं भाषण पाठ असलेला दुसरा माणूस कंपनीत कोण, तर लायनल. या प्रयोगानंतर तो निवृत्त होणार होता. म्हणजे साठ ओळींचं ते भाषण त्याला आयुष्यात एकदाच मिळणार होतं. तेही मंगळवारी सकाळी दहा वाजता, लिंकनशरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तेरा-तेरा वर्षांच्या साठ मुलांपुढे.

"विनी, अडलो तर शब्द दे," व्हॅनमध्ये तो मला म्हणाला. "पण लगेच नको देऊस. मी मुद्दाम थांबलोय असं आधी लोकांना वाटू दे."

मी प्रॉम्प्टर. माझा आवाज मुळातच लहान, त्यामुळे हे काम मला मानवतं. सकाळची प्रार्थना करताना मी त्या दिवशी लायनलचं नाव घेतलं होतं, एवढंच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दोनदा घ्यायचं होतंस."

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, राजेरजवाड्यांचं. त्यात सात चुलतभाऊ, पैकी चौघांचं नाव एकच, आणि सातही जण एकाच सिंहासनावर हक्क सांगणारे. हे मुलांना समजावून देणं आमच्या फिलिपाचं काम. गेल्या वर्षी वंशावळ समजावी म्हणून तिनं मुलांच्या हाती लोकरीचे धागे दिले होते. एका शाळेत तीन राजघराणी हॉल गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला बांधली गेली आणि शिपायाला कात्री आणावी लागली. म्हणून यंदा तिनं लोकर सोडली.

"हे बघा," ती प्रयोगाआधी मुलांना म्हणाली, "सिंहासन म्हणजे रांग समजा. थोरला मुलगा पहिला. त्याचा मुलगा त्याच्यामागे. मग धाकटा भाऊ. आणि हा जो ड्यूक येणार आहे ना, तो नंबर नसताना मध्येच घुसतो."

आतापर्यंत पाच खून आम्ही शाळाशाळांतून करून दाखवले होते, एकाही कारट्यानं कधी मान वर केली नव्हती. रांगेत घुसणारा म्हटल्यावर साठ माना वर झाल्या. फिलिपा खुशीत विंगेत आली. "कळलं त्यांना," ती म्हणाली. "विनी, पहिल्यांदाच कळलं."

लायनल आला. त्यानं तरुण राजाला दंडाला धरून सिंहासनावरून उठवलं, स्वतः बसला, छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून एक हात वर झाला. मुलीचं नाव टॅम्सिन ब्रॉडी. मनगटावर मोठं घड्याळ, वेणी इतकी घट्ट की भुवया वर गेलेल्या.

"सर, तुमच्या आधी सहा जण आहेत."

लायनल ड्यूकच्याच आवाजात म्हणाला, "मुली, माझ्या हातात तलवार आहे."

"असू दे. मागे उभे राहा."

"माझं भाषण आहे गं."

"सगळ्यांचंच काहीतरी असतं, सर."

मागून कोणीतरी हळूच 'घुसखोर' म्हणालं. लायनलचे कान लाल झाले. खुनी म्हटलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. तो उठला.

तोवर मुलं रांगेत उभी राहिली होती. आम्हा इंग्रज लोकांना रांग दिसली की आधी तिच्यात उभं राहायचं असतं. कशाची आहे ते पुढे गेल्यावर कळतंच. सहा चुलतभाऊ पुढे, त्यांच्यामागे साठ मुलं, मग लायनल. दोन मारेकरी सुरे घेऊन विंगेतून आले, त्यांनी रांग पाहिली आणि लायनलच्या मागे उभे राहून हवापाण्याचं बोलू लागले.

टॅम्सिननं नियम केला: प्रत्येकाला एक मिनिट राज्य. वशिला नाही, नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, मिनिट संपलं की उठायचं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा मागे. एका मुलानं त्याच्या मिनिटात बुधवार रद्द केला. पुढच्या मुलीनं तो परत आणला, कारण तिचं पोहणं बुधवारी असतं. गणिताचे सर सिंहासनावर डोळे मिटून नुसते बसले आणि उठताना म्हणाले, "आभारी आहे." फिलिपानं दोनदा टाळ्या वाजवून नाटक पुढे नेऊ पाहिलं. तिलाही विचारण्यात आलं की ती रांगेत आहे का.

मी नाटकाचं पुस्तक घेऊन लायनलच्या बाजूनं चालत होते.

"मिस, तुमचा नंबर?" टॅम्सिन म्हणाली.

"माझा नाही गं. मी फक्त पुस्तक धरलंय."

"मग पलीकडून चाला. लोकांचा गैरसमज होतो."

साडेअकराला लायनलची पाळी आली. तो बसला आणि बोलू लागला. काय सांगू, एकतीस वर्षं प्रेत होऊन पडलेल्या माणसाच्या छातीत इतका आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. पण ते भाषण त्याच्या संथ चालीत चार मिनिटांचं. "आणि म्हणून, भावा, आज मी तुला..." इथवर तो आला आणि टॅम्सिन म्हणाली, "वेळ संपली."

तो उठला. मारेकऱ्यांमागचा एक मुलगा म्हणाला, "अहो, पण 'आज मी तुला' काय? काय करणार त्याला?"

"आता कसं सांगू?" लायनल म्हणाला. "आता माझा नंबर नाही." आणि तो शेवटी जाऊन उभा राहिला.

मुलं माझ्याकडे वळली. मी पुस्तक मिटलं. प्रॉम्प्टरनं अडलेल्या नटालाच शब्द द्यायचा असतो, आणि लायनल अडलेला नव्हता, मागे गेला होता. बारा वाजले तेव्हा मी तिथेच भिंतीशी उभी राहून दुपारची प्रार्थना केली. डोळे उघडले तर समोर मुलं कुजबुजत होती: ड्यूक भावाला माफ करेल की मारेल. जेवण रांगेतच वाटलं गेलं. वाढणाऱ्या बायाही मग डाव हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मुख्याध्यापिका मिसेस क्रॅडक.

दुसऱ्या पाळीत ड्यूकनं भावाला माफ केलं. हॉलभर निःश्वास ऐकू आला. तिसऱ्या पाळीत, दोनच्या पुढे, त्यानं माफ केल्याचा पश्चात्ताप केला, आणि रेडिएटर दुरुस्त करायला आलेला माणूस मोठ्यानं म्हणाला, "मला वाटलंच होतं."

उरल्या पंधरा ओळी. लायनल शेवटी जाऊन उभा राहिला आणि पुढच्या माना मोजू लागला. मीही मोजल्या. त्र्याहत्तर. तीन वाजून दहा मिनिटांनी शाळा सुटते.

"टॅम्सिन," मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "या सरांचं हे शेवटचं नाटक आहे. उद्यापासून ते नटच नाहीत. एवढं एक मिनिट..."

तिचे डोळे भरून आले होते. "मिस, त्यांना पुढे घेतलं तर ते घुसलेच ना. मग सिंहासनावर बसून कुठल्या तोंडानं बोलणार ते?"

मी लायनलकडे आले. त्यानं ते ऐकलं होतं. "बरोबर बोलते ती," तो म्हणाला, आणि मुकुट नीट केला.

शाळेची बस आली तेव्हा त्याच्यापुढे सव्वीस जण होते. मिसेस क्रॅडक बाविसाव्या. त्यांनी घंटा वाजू दिली आणि जाहीर केलं की रांग उद्या सकाळी इथूनच सुरू होईल.

बुधवारी लायनल निवृत्त माणूस होता. कंपनीचे कपडे परत गेले होते, म्हणून तो स्वतःच्या तपकिरी कोटात, नऊच्या बसनं आला. मी पुस्तक घेऊन बरोबर गेले. रांग जशीच्या तशी लागली होती. दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या एकीच्या जागी तिचा स्वेटर उभा होता, खुर्चीच्या पाठीवर, आणि त्याचं मिनिटही सगळ्यांनी गप्प बसून पाळलं.

मग लायनल बसला. पंधरा ओळी. चौदाव्या ओळीआधी तो थांबला. मी ओठ उघडले आणि मिटले. तो मुद्दामच थांबला होता. मग त्यानं भावाचं नाव घेतलं, तेच जे चौघांचं होतं, आणि शेवटची ओळ इतक्या हळू म्हटली की मागच्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

कोणी टाळी वाजवली नाही. तो उठायला लागला.

"बसा," टॅम्सिन घड्याळाकडे बघत म्हणाली. "अकरा सेकंद आहेत अजून तुमची."

लायनल परत टेकला. हात गुडघ्यांवर ठेवले. त्याच्यामागे चाळीसेक माणसं उभी होती आणि कोणी हललं नाही.