बक्कलाखालचे दोन टाके

अर्जावरच्या त्या रकान्यात जेमतेम एक शब्द मावेल एवढी जागा होती. वर छापलं होतं : जात.

"एक शब्द लिही गं पोरी," घड्याळवाले काका म्हणाले. "मिश्र लिही, लॅब्रॉडोर लिही, हवं तर मांजर लिही. यादीतलं सोडून काहीही लिही."

दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर उभा असलेला काकांचा कुत्रा, ठोकळा, शेपटी हलवत होता. चौकोनी डोकं, रुंद जबडा, छाती पिंपासारखी. गेल्या महिन्यात नगरपालिकेने अकरा जातींची यादी काढली होती. यादीतलं कुत्रं घरात ठेवायचं नाही, सोमवारपर्यंत कोंडवाड्यात आणून द्यायचं. कोंडवाड्यातून परत आलेलं कुत्रं अजून कोणी पाहिलं नव्हतं. आणि ठोकळा तर सहा वर्षं काकांच्या दुकानात, टिकटिकणाऱ्या भिंतीखाली झोपत आलेला.

"खोटं लिहिणार नाही, काका," डॉक्टर म्हणाली. "आणि खरं मला माहीत नाही. नुसत्या थोबाडावरून जात सांगायची म्हणजे कानाच्या आकारावरून आडनाव सांगण्यासारखं आहे."

बाकावर नगरपालिकेच्या निरीक्षकबाई भरलेले अर्ज न्यायला येऊन बसल्या होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "माझ्या भाचीच्या गालावर चौदा टाके आहेत, डॉक्टर. तिला चावलेल्या कुत्र्याचे मालकही भले गृहस्थ होते. एक दिवस फाटक उघडं राहिलं, बस. लहान कुत्रं असतं तर ओरखड्यावर निभावलं असतं."

जबड्याची ताकद ही मोजता येणारी गोष्ट आहे, आणि मोजलेल्या गोष्टीशी डॉक्टर कधी वाद घालत नसे. मान तपासायला तिने ठोकळ्याचा पट्टा सोडला, सवयीने उलटा केला, आणि तिचा हात तिथेच थांबला. बक्कलाखाली एकमेकांवरून गेलेले दोन टाके होते.

"बाबांचा?"

"मग कुणाचा? आमच्या आधीच्या कुत्रीसाठी केलेला. पंचवीस वर्षं झाली. ती गेली, तुझे बाबा गेले, पट्टा आहे."

बाबांचं चामड्याचे पट्टे शिवायचं दुकान याच खोलीत होतं. आता जिथे लशींचा फ्रीज होता तिथे त्यांचं बुटकं बैठं टेबल असे. त्यावर चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि मेणाचा गोळा, ज्यावर दोरा ओढून ओढून खोल चरे पडलेले. चामड्याच्या गुंडाळीवर बसून ती गृहपाठ करायची, आणि तिच्या वह्यांना इतका वास यायचा की वर्गात शेजारची मुलगी नाक धरायची. समोरच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खिळ्याला खाकी कागदाचं एक माप, पट्ट्यासाठी मानेचं नाहीतर मुसक्यासाठी तोंडाचं. त्यावर बाबा मालकाचं नाव लिहीत. फक्त मालकाचं.

"अहो, कुत्र्याचं नाव लिहा की," गिऱ्हाइकं म्हणत.

"उद्या पट्टा नीट वापरला नाही तर बोलावून घेऊ कोणाला? कुत्र्याला?" बाबा दोरा दातांत धरून विचारत.

आणि आपली खूण म्हणून ते दोन टाके बक्कलाखाली घालत. बक्कल तुटलं तर दोष शिवणाऱ्याचा, म्हणून.

ती नऊ वर्षांची असताना शिंपीणबाईंचं कुत्रं तिच्या मनगटाला चावलं होतं. लोकरीच्या गुंड्याएवढं पांढरं कुत्रं. आता बाबा शिंपीणबाईंची खरडपट्टी काढणार म्हणून सगळी गल्ली दारात जमली. बाबांनी मुलीची जखम धुतली, मग कुत्र्याला मांडीवर घेऊन केस बाजूला केले. पिल्लू असताना घातलेला पट्टा कधी सैल केलेलाच नव्हता. तो मानेत रुतला होता.

"मान वाढली, बाई," बाबा एवढंच म्हणाले, "तुमचं लक्ष गेलं नाही."

त्या रात्री मनगटाला पट्टी बांधलेली असताना तिला त्यांनी पट्टा वाचायला शिकवलं. दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याची भोकं बक्कलाच्या बाजूला लांबट होतात. आतली बाजू घामाने कडक झाली असेल तर पट्टा कधी पुसलेला नाही. पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला शिकली, तेव्हा तिला वाटलं होतं, हे तर आपल्याला आधीपासून येतंय.

आता तिने पट्टा खिडकीशी नेला. आतून मऊ, तेल लावलेला. एकेक भोक थोडं थोडं वापरलेलं. मान वाढत गेली तसा सैल केलेला. भोकं गोल. शेवटचं मात्र नाही.

"काका, हे ताणलंय. आणि ताण नवा आहे."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"काका."

"पावणेतीन महिने झाले," ते पुटपुटले. "फाटकाशी स्कूटर आली, हा झेपावला. मी पडलो. पट्ट्याची साखळी हातातून सुटली नाही, पण फरफटत गेलो चार पावलं. कोणाला सांगितलं नाही. सुनेला म्हटलं, जिन्यात घसरलो." त्यांनी हात पुढे केले. तासकाटा चिमट्यात धरणारी ती बोटं आता बारीक थरथरत होती. "कुत्रं तेच आहे गं. हात ते राहिले नाहीत."

निरीक्षकबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "हे माझ्यादेखत सांगताय?"

"तुमच्याकडे बघून नाही सांगितलं. हिच्या बापाने पट्टा पाहिला असता तर मला खोटं बोलता आलं नसतं. हिच्यापुढेही नाही येत."

डॉक्टरने अर्ज उलटा केला. मागे बारीक अक्षरात एक भाग होता : जात निश्चित करता न आल्यास. त्यात मालकाची हमी, बाहेर नेताना मुसकं, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि काही विपरीत घडल्यास मालकाबरोबर प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचीही जबाबदारी.

"ती बाजू आजवर एकाही डॉक्टरने भरली नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या. "भाचीचं सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलंत. म्हणूनच भरते आहे. यादीत नसलेली कुत्रीही चावतात. माझ्या मनगटावर खूण आहे, आणि त्या दिवशी यादी असती तरी ते लहानसं पांढरं कुत्रं तिच्यात आलं नसतं." मग ती काकांकडे वळली. "काका, एकट्याने बाहेर न्यायचं नाही. सूनबाई बरोबर हवी, साखळी तिच्या हातात. मुसक्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. एकदा जरी चुकलात, तर मी स्वतः याला कोंडवाड्यात नेऊन देईन."

"देशील खरंच?"

"देईन."

काकांनी पेन घेतलं. "बापावर गेलीस," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. थरथरती, पण पूर्ण नावाची.

अर्ज पुन्हा सुलटा करून जातीच्या रकान्यात तिने बारीक अक्षरात, दाटीवाटीने लिहिलं : पाहून ठरवता येत नाही. खाली स्वतःची सही केली. निरीक्षकबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि पिशवीत ठेवला. "तीन महिन्यांनी मी येते," त्या दाराशी म्हणाल्या. "सांगून येणार नाही."

"या."

फ्रीजच्या वर, भिंतीत बाबांच्या खिळ्यांची एक रांग अजून शिल्लक होती. रंगवणाऱ्यांना तिने ती काढू दिली नव्हती. खणातून तिने खाकी कागद काढला. मुसक्याच्या मापासाठी ठोकळ्याच्या थोबाडाभोवती टेप धरला, तसं त्याने ते जड डोकं तिच्या तळहातावर टाकून दिलं. माप घेतलं, कागद कापला, वर काकांचं नाव लिहिलं. खिळ्याला लावण्याआधी पेन्सिल पुन्हा उचलली आणि खालच्या कोपऱ्यात एकमेकांवरून जाणाऱ्या दोन रेघा ओढल्या.