गाडीच्या दोनदा पाया

वडनेरच्या तानबाची मोटारसायकल दिवाळीपर्यंत गुणाची होती. थंडी पडली आणि तिनं सोंग घेतलं. पहाटे किक मारली की सुरू व्हायची, तीन-चार वेळा खोकायची आणि गप्प बसायची. पुन्हा किक, पुन्हा खोकला, पुन्हा गप्प. दहा वाजता अंगणात ऊन आलं, की मग कोणीही नुसता पाय ठेवला तरी सुरू. जणू रात्री काही घडलंच नाही.

पण तानबाचं काम पहाटेचंच. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, हिंगणघाटच्या बाजारात सहाच्या आत पोचला पाहिजे. साडेसातला पोचलेल्या सांबाराकडे फक्त गायी प्रेमानं पाहतात.

त्याचा मुलगा धीरज नालवाडीला राहायचा, एका शाळेत कारकून होता. तो बसनं फिरायचा, गाडी कधी शिकला नाही. सोमवारी त्यानं तानबाच्या शेजारच्या सुलोचनाबाईंच्या घरी फोन करून बापाला समजावलं, की गाडी म्हातारी झाली, विकून टाका. तानबा म्हणाला, सात वर्षांची गाडी म्हातारी कशी? मग बोलता बोलता पैज लागली. रविवारी पहाटे पाचला धीरजसमोर गाडी चालू झाली तर राहील, नाही तर त्यानं पाहून ठेवलेलं गिऱ्हाईक घेऊन जाईल. तानबा हो म्हणून बसला. आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं, ही त्याची जुनी खोड.

गाडी जाऊ द्यायची नव्हती. मागच्या सीटला त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. सात वर्षं ती तिथे बसून बाजारात आली. वैशाखात चार दिवस ताप आला आणि ती गेली. खोळ काढून ठेवता आली असती, पण रिकामी खोळ घेऊन माणसानं करायचं काय?

बुधवारी तो गाडी घेऊन कवडू मिस्त्रीकडे गेला. अकरा वाजले होते, ऊन चांगलं होतं, गाडी अर्थातच पहिल्या किकला सुरू झाली. कवडूनं तानबाकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यात आल्यावर पोटदुखी थांबलेल्या पोराकडे डॉक्टर पाहतो. तरी त्यानं प्लग साफ केला, कार्बोरेटर उघडून फुंकर मारली, आणि विचारलं, "काका, थंडीत चोक देता ना?"

चोक हा शब्द तानबानं ऐकला होता. दूरच्या नातेवाइकाचं नाव ऐकतो तसा, कधी भेट झाली नव्हती. पण सात वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसानं भर दुकानात, चार लोकांसमोर, चोक म्हणजे काय असं विचारायचं?

"देतो म्हणजे? रोज देतो," तो म्हणाला.

कवडूनं मान डोलावली आणि त्या वाटेनं पुन्हा चौकशी केली नाही.

गुरुवारी गल्लीतल्या बाबारावानं सांगितलं म्हणून तानबानं गाडी दोन्ही कुशींवर आडवी केली, अंगणात थोडं पेट्रोल सांडलं, कोंबडी ठसकली. त्या रात्रभर इंजिनाला गोधडी पांघरली. शुक्रवारी सकाळी गोधडीला तेलाचा वास आणि गाडीला तीच थंडी. त्या दिवशी त्यानं गाडी उतारावरून ढकलत सुरू केली, ती मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि दर्शनाला थांबल्यासारखी थांबली. पालक तिथेच विकला.

शनिवारी पहाटे तो गाडीवर बसून हातावर फुंकर मारत होता. वीस-बावीस किका झाल्या होत्या. रुख्मिणी असती तर ही वेळ आली नसती, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं. हिवाळ्यात तो तिला म्हणायचा, थंडी आहे, तू घरीच राह्य. ती शाल गुंडाळून यायचीच. वर म्हणायची, "मी आल्याबिगर तुमची गाडी चालू होत नाई."

आणि व्हायचीही नाही. एका माघात तो तिला न उठवता एकटा निघाला, तर गाडी सहा वेळा बंद पडली. रुख्मिणी झोपेतून उठून आली, वाकून गाडीच्या पाया पडली, गाडी सुरू झाली. तेव्हापासून तानबानं मानलं, की बाईचा पायगुण आहे. दर हिवाळ्यात ती अशीच पाया पडायची. तो गाडीवर बसलेला, ती डाव्या बाजूला वाकलेली. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, काय बाई आहे, रोज नवऱ्याच्या पायाला हात लावते. तानबानं हा गैरसमज कधी दूर केला नाही. उलट पाय जरा पुढे करून बसायचा.

आता त्यानं गल्लीत पाहिलं. कोणी नव्हतं. तो उतरला, हँडलसमोर उभा राहिला आणि हात जोडले. किक मारली. खोकला, गप्प.

मग त्याला आठवलं, ती समोरून कुठे पाया पडायची? तो डाव्या बाजूला उकिडवा बसला, तिच्यासारखाच वाकला. इंजिनाजवळ काळा दोरा दिसला. रुख्मिणीनं बांधलेला, दृष्ट लागू नये म्हणून, असं त्याला वाटत आलं होतं. कवडूनंही त्याच विचारानं त्याला हात लावला नसावा. दोरा गुंडाळला होता एका बोटभर दांडीला. तानबानं दोऱ्याला हात लावून कपाळाला लावला. दांडी हलली. त्यानं ती वर ओढली, कट्ट असा आवाज झाला.

पहिल्याच किकला गाडी अशी गरजली, की बाबारावाचं कुत्रं पळालं. तानबा थक्क होऊन पाहत राहिला. दीडएक मिनिटानं गाडी घुसमटू लागली, काळा धूर सोडू लागली. पण लगेच त्याला आठवलं, ती दोनदा पाया पडायची. एकदा निघण्याआधी, एकदा शाल सारखी करून बसण्याआधी. तो वाकला, दांडी खाली दाबली. गाडी शहाण्या मुलीसारखी एका सुरात चालू लागली.

सुलोचनाबाई सडा टाकायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी हे दुसरं वाकणं पाहिलं.

"सापडला काय भाऊजी चोक?"

तानबानं वर पाहिलं. "तुमाले ठाव होतं, वयनी?"

"गाडी घेतली त्या दिवशी तुमी दुकानदारासंग नारळ फोडाच्या मांगं लागलते. दुकानातल्या पोरानं रुख्मिणीलेच समजावून देल्लं. अंधारात हाताले लागाव म्हून तिनं दोरा बांधला."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

सुलोचनाबाईंनी बादली खाली ठेवली. "म्हणे, सांगतलं तं हिवाळ्यात मले घरी ठेवून एकटेच जातीन. तिनं मले शपथ घातली होती. मले वाटलं, इतक्या दिवसात तुमाले समजलं असंन."

गाडी चालू होती. तानबानं खोळेवरून हात फिरवला, सांबाराचं गाठोडं बांधलं आणि गेला. बाजारात त्या दिवशी त्याच्या सांबाराची हर्रास, म्हणजे लिलावाची बोली, सगळ्यांत आधी झाली, आणि भाव कितीला सुटला हे त्यानं ऐकलंच नाही.

रविवारी पहाटे धीरज कानटोपी घालून अंगणात उभा होता. गिऱ्हाईक नऊला येणार होतं. त्यानं आधी स्वतः तीन किका मारल्या. गाडी खोकली आणि गप्प झाली. मुलानं बापाकडे पाहिलं, त्या नजरेत विजय कमी आणि दया जास्त होती.

तानबा पुढे झाला. डाव्या बाजूला वाकला, हात लावला, कपाळाला लावला. मग किक मारली. गाडी गरजली.

"गाडीच्या पाया काय पडता, बाबा?" धीरज म्हणाला.

"तुही माय पडे. पाह्यलं नाई काय कधी?"

थोड्या वेळानं तो पुन्हा वाकला. आवाज एका सुरात आला. धीरजनं विचारलं, नेमकं बिघडलं काय होतं, कवडूनं काय बदललं, मग हे दोनदा वाकणं कशाला. तानबानं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

"बस. बाजारात चाल. गिऱ्हाईकाले सांगजो, मी असल्याबिगर चालू होत नाई."