टाळ्यांच्या गजरात मंजूर

"पोरांच्या बक्षिसांच्या मधेच जमाखर्च घुसवा. टाळी थांबायच्या आत मंजूर! विचारतंय कोण?"

अध्यक्षसाहेब आपल्या दिवाणखान्यात कारकुनाला हे सांगत होते, तेव्हा ज्यांनी ऐकू नये अशा दोघांनी ते ऐकलं. एक, चहाचा ट्रे घेऊन दाराशी थबकलेली त्यांची नवी सून. दुसरा, काचेच्या कपाटातला मी.

मी गावच्या सभेचा माईक. 'मी बोलतोय' असं म्हणायची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलोय. गावाची वस्तू साहेबांच्या कपाटात कशी, असं विचाराल. चोरीला जाईल म्हणून त्यांनी मला घरी आणलं. जपायला घर निवडलं, तेही नेमकं हे!

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली भावंडं कुणी लग्नकार्यात गेली, कुणी नाटकात. मी सभेच्या वाट्याला आलो. तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई अध्यक्ष होत्या. त्यांनी मला मंचावर चढवलंच नाही. खाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभं केलं. वर्षाची सभा म्हणजे बाईंचीच परीक्षा असायची. कुठं किती खर्च झाला ते त्या वाचायच्या आणि ज्याला शंका असेल तो उठून माझ्यापाशी यायचा.

"बाई, दिव्यांचा खर्च वाचलात," एकदा गवंडी म्हणाला, "पण आमच्या गल्लीत तर मिट्ट काळोख. तुमच्या अंगणात लावलेत का काय?"

सभा खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. उत्तर दिलं, आणि मगच हात वर करायला सांगितले. प्रत्येक बाबीला हात मोजायचे. सभा लांबायची, लोक कुरकुरायचे, घरी जेवणं खोळंबायची.

त्या कुरकुरीनंच घात केला. एका वर्षी वरच्या आळीच्या नळाला पाणी आल्याचं जाहीर झालं, लोकांनी आनंदानं टाळ्या पिटल्या, आणि कारकुनानं त्याच टाळ्यांत अख्खा जमाखर्च मंजूर करून टाकला. मोजदाद वाचली म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे टाळी म्हणजे होकार. पुढे बाई गेल्या, साहेब आले. मी मंचावर गेलो आणि माझं बटण टेबलाखाली गेलं.

आता त्या पुलाचं सांगतो. कालव्यावर एक लाकडी पूल आहे. कागदावर तो दोनदा दुरुस्त झालाय. त्याच दुरुस्त झालेल्या पुलाच्या कुजक्या फळीतून शिंपीणकाकू खाली गेल्या. कमरेचं हाड मोडलं, मशीन बंद पडलं. सूनबाईंचे लग्नाचे कपडे त्यांनीच शिवले होते, म्हणून ती त्यांना रोज डबा पोचवायची.

"आई, पुलाचं काम झालं असं लिहिलंय म्हणे?" तिनं शेंगा सोलता सोलता सासूबाईंना विचारलं.

"लिहिलंय ना? मग झालं असेल. तू शेंगा सोल."

नवरा पेपराआडून म्हणाला, "तुला काय त्या पुलावरून माहेरी जायचंय?"

ती गप्प बसली. नव्या सुनेचं गप्प बसणं सगळ्यांना फार गोड लागतं. त्याला वळण म्हणतात.

सभेत बक्षिसं द्यायचा मान तिलाच होता. घरचीच, म्हणजे बिनघोर. पहिलं बक्षीस दिलं, टाळ्या झाल्या. लगेच कारकून माझ्यात तोंड खुपसून घाईघाईनं म्हणाला, "कालव्यावरील पूल, दुरुस्ती पूर्ण, झालेला खर्च मंजुरीसाठी सादर... आणि धावण्यात पहिली, सुताराची मुलगी!"

मुलगी धापा टाकत वर आली. टाळीसाठी शेकडो हात उचलले गेले. पण सूनबाईंनी चषक पुढे केलाच नाही. छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. बक्षीस हातात पडल्याशिवाय टाळी वाजवायची कशी? हात हवेतच राहिले.

"द्या ना, सूनबाई," साहेब हसत म्हणाले. मग न हसता, दात आवळून, "अगं, दे म्हटलं ना!"

तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. कारकुनाचा हात टेबलाखाली गेला आणि मी मुका झालो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कडू काढा आधी घेतलेला बरा. पूल तसाच आहे. साहेबांनी पुढच्याच आठवड्यात गाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि गाणं संपताच हवी ती टाळी मिळवली. सूनबाईंशी घरात अजून कुणी धड बोलत नाही. शिंपीणकाकूसुद्धा म्हणाल्या, "कशाला गं मधे पडलीस? माझं हाड का त्यानं जुळणार होतं?" आणि मी? माझी वायर उंदरांनी कुरतडली, कुणी जोडली नाही. कपाटात शोभेला आहे. माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा त्या मधल्या वाटेत नेऊन उभं करा. मोडका तर मोडका. निदान घरी निघालेला कुणीतरी मला अडखळून थांबेल.

त्या दिवशी मात्र माझी गरज पडली नाही. सासऱ्यांकडे न बघता, समोरच्या रांगांकडे बघत, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"थांबा. ही टाळी या मुलीची आहे. पुलाला होकार द्यायचा असेल, तर आधी त्याच्यावरून चालून या आणि मग हात वर करा."