पाठीवरून घरंगळणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. उंच दांडीवर कपडे वाळत घालायची. सुताराने मला इतके गुळगुळीत तासले, की ओल्या कापडाचा धागाही माझ्यात कधी अडकला नाही. या घरातल्या सासूबाई टाचा उंचावून माझ्या टोकाने चादर अशी पसरत, की एक सुरकुती राहत नसे. मला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग घडीचा स्टँड आला आणि मी दारामागे धूळ खात पडले. पुढे सासूबाईही अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या.

सून त्यांना उठवी, बसवी, न्हाऊ घाली. त्यात तिची कंबर धरली. नणंद येऊन म्हणाली, "वहिनी, तुला झेपत नसेल तर आईला शुश्रूषाकेंद्रात ठेवू." सासूबाईंनी ते ऐकले आणि भिंतीकडे तोंड केले.

मग फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी सुनेला हातागुडघ्यांवर ओणवे केले. तळवे खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. मला दारामागून काढून डोक्यापासून माकडहाडापर्यंत तिच्या पाठीवर ठेवले. "पोट हलकेच आत घ्या. आता उजवा हात पुढे, डावा पाय मागे. श्वास कोंडू नका. काठी पडता कामा नये."

"सुनेच्या पाठीत काठी घालायची तेवढी राहिली होती," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"फिटली ना हौस?" सून हसली, आणि मी घरंगळले.

पुढे मी रोजच पडू लागले. ती पाय फार वर उचलायची, कंबर झोल खायची. नवरा म्हणायचा, "व्यायाम करतेस की भांडी आपटतेस?" शेवटी वैतागून तिने मला कपाटामागे सारले. त्यानंतर तिचा पाय छताकडे जाऊ लागला. नवरा घड्याळ धरून शाबासकी देई. फटीतून मला तिची खचलेली कंबर दिसे, कोंडलेला श्वास ऐकू येई. पण मला तोंड कुठे होते?

एका सकाळी सासूबाईंना उचलताना तिच्या कमरेत उसण भरली. "सोड मला, तू पडशील," सासूबाई म्हणत राहिल्या. तिने सोडले नाही. दोघी जमिनीवर आल्या. सासूबाईंना नणंद केंद्रात घेऊन गेली.

दुखणे ओसरल्यावर सुनेने मला स्वतःच बाहेर काढले, पदराने पुसले. आता ती पाय उचलतही नाही, जमिनीवरून नुसता मागे सरकवते. थोडेच करते, पण पाठ पाटासारखी सपाट असते. डॉक्टरांनी अजून वजन उचलू दिलेले नाही.

मित्रांनो, तुमची चूक दाखवणारे कोणी घरात असेल, तर त्याला कपाटामागे ढकलू नका. आम्ही पडतो ते तुम्हाला हिणवायला नाही.

रोज संध्याकाळी केंद्रातून फोन येतो. "काठी पडली का गं?"

"नाही पडली, आई."

"मग मला न्यायला कधी येतेस?"