रेल्वे कोणाच्या वाट्याला

आमच्या खासदारांनी शब्द दिला होता, "रेल्वे आमच्याच पक्षाला मिळणार. मिळाली की पहिली बदली तुमच्या रघुपतीची."

रघुपती माझा धाकटा भाऊ, आसामात रेल्वेत गार्ड. घराजवळ त्रिचीला बदली मिळावी म्हणून केलेला त्याचा अर्ज कुठेतरी धूळ खात पडलेला. अम्माला अर्धांग झाल्यापासून तिचं एकच चाललं होतं, रघू कधी येतो. यायचा बिचारा, पण अर्धी सुट्टी गाडीतच संपायची. डॉक्टर म्हणाले होते, पुढचा झटका आला तर कठीण आहे.

दिल्लीत डझनभर पक्षांची मोट बांधून एकदाचं सरकार झालं. खातेवाटपाच्या बातम्यांना अप्पा टीव्हीला नाक लावून बसले. आमच्या खासदारांना मिळालं अन्नप्रक्रिया. लोणची, मुरंबे, डब्यातले मासे! मी कपाळाला हात लावला.

"थांब विनुता," अप्पा म्हणाले. "रेल्वेचा राज्यमंत्री महाराष्ट्रातला आहे. आपला माणूस."

"अप्पा, आपण तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली. तो कुठला आपला?"

"म्हणून काय झालं? भाषा तर एक आहे."

तंजावरचं मराठ्यांचं राज्य कधीच गेलं, पण आमच्या अप्पांचा रुबाब काही जात नाही. मी वाद घालणार होते, पण खाटेवरून अम्मा वाकड्या तोंडाने कसंबसं म्हणाली, "आपला माणूस? मग विचार की गं."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी दिल्लीला फोन लावला. मंत्र्यांचे सचिव स्वतः आले. तेही तिकडचेच, आडनावावरून कळलं. मी आमच्या घरच्या मराठीत सगळं सांगितलं, अम्माचं, रघूचं, झटक्याचं. मग ते अगदी नम्रपणे इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माफ करा, मला तमिळ येत नाही."

मला रडूच आलं. तरी इंग्रजीत पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तमिळनाडूची कामं तिथल्या पक्षाकडून यावी लागतात. आमच्या साहेबांनी हात घातला तर आघाडीत उगाच बिघाड. तुमच्या मंत्र्यांना भेटा."

"त्यांच्याकडे लोणची आहेत," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर भांडताही येईना.

घरी आले तर अम्मा जागीच होती. "मराठीत बोललीस ना त्याच्याशी?"

"बोलले."

"मग झालंच काम," म्हणाली आणि खाट दाराकडे फिरवायला सांगू लागली, रघू आला की आधी तिलाच दिसायला हवा.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून ते काय समजायचं ते समजले. त्यांनी डोक्याकडची बाजू धरली. मी पायाकडची धरली, आणि आम्ही खाट फिरवली.